टेन्शनर बदलला, आवाज थांबला; पण चेनचे काय?

पुण्यात जुन्या मोटरसायकली वापरणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश बराच काळ फिरतो आहे आणि तो माझ्याकडे तीन वेगवेगळ्या ओळखीच्यांनी पाठवला. त्याचा आशय असा : जुन्या गाडीच्या इंजिनातून खडखड येत असेल तर टायमिंग चेनचा टेन्शनर गेला असे समजा, नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारातून नवा आणा आणि सिलिंडरमागचे दोन बोल्ट काढून दहा मिनिटांत बसवा, चेनला हात लावू नका, ती इंजिनाइतकीच टिकते, पुन्हा आवाज आला तर स्प्रिंगमागे वायसर टाका, नाहीतर जाड ऑइल भरा, आणि यातले काहीच केले नाही तरी बिघडत नाही. टायमिंग चेन म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरून (क्रँकवरून) व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणारी आतली साखळी, आणि टेन्शनर म्हणजे तिला ताणून धरणारा भाग. टेन्शनर इंजिन न उघडता बदलता येतो, एवढा भाग बऱ्याच गाड्यांपुरता खरा आहे. उरलेल्या विधानांचा मात्र क्रमाने समाचार घ्यायला हवा.

‘जुनी गाडी’ या शब्दांपासूनच घोटाळा सुरू होतो. यामाहाच्या आरएक्स १०० चे इंजिन टू-स्ट्रोक. त्यात कॅमने उघडणारे व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, मग टायमिंग चेन कुठून असणार? जुन्या बुलेटमध्ये कॅम गिअरवर फिरतात आणि व्हॉल्व्ह पुशरॉडने (लांब सळीने) उघडतात. स्प्लेंडरच्या आडव्या इंजिनात चेन आहे, पण तिला ताण देणारी दांडी आणि स्प्रिंग खालच्या बाजूने, एका बोल्टाआड बसते. सिलिंडरमागे दोन बोल्टांचा टेन्शनर शोधणारा तिथे शोधतच राहील. संदेशातले वर्णन उभ्या सिलिंडरच्या, म्हणजे साधारण दीडशे सीसीच्या आणि त्यापुढच्या बऱ्याच गाड्यांना लागू पडते. पुढचे विवेचन त्यांच्यापुरतेच आहे.

‘खडखड म्हणजे टेन्शनर’ हे निदान घाईचे आहे. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा आवाज हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) वरच्या भागातून, नेमका आणि टकटक असा येतो. चेनचा आवाज सिलिंडरच्या एका कडेने, पसरट आणि घासल्यासारखा येतो. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक सिलिंडरच्या कडेला टेकवून मूठ कानाशी धरली की हा फरक बहुतेकांना कळतो. आधी इंजिन थंड असताना टॅपेटची फट मोजून योग्य करावी आणि मगच चेनवर आरोप ठेवावा, कारण हा खर्च नगण्य आहे आणि निम्म्या शंका तिथेच मिटतात.

‘चेन इंजिनाइतकीच टिकते’ हे विधान मला सगळ्यांत जास्त खटकते. चेन लांबते असे आपण म्हणतो, पण पोलाद ताणले जात नाही. प्रत्येक सांध्यातली पिन आणि तिच्याभोवतीचे भोक झिजते. नव्वद सांध्यांत प्रत्येकी एक शतांश मिलिमीटर झीज धरली तरी एकूण लांबी जवळजवळ एक मिलिमीटरने वाढते. इंजिन पुढच्या दिशेने फिरत असल्यामुळे चेनची पुढची बाजू ओढली जाते आणि सैलपणा मागे जमा होतो. म्हणूनच टेन्शनर मागे बसवलेला असतो. तो सैलपणा काढतो, लांबी कमी करत नाही. ओढली जाणारी बाजू लांब झाल्याने कॅम क्रँकच्या किंचित मागे पडतो आणि व्हॉल्व्ह उशिरा उघडून उशिरा बंद होतात. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटला की कमी वेगात आत आलेल्या मिश्रणातले थोडे उलटे ढकलले जाते. कात्रजचा घाट चढताना गाडी पूर्वीसारखी ओढत नाही, त्यामागे अनेक कारणांपैकी हेही एक असू शकते. नवा टेन्शनर बसवल्यावर आवाज जातो आणि हा उशीर तसाच राहतो.

म्हणून जुना टेन्शनर काढल्यावर तो फेकण्याआधी नीट पाहावा. रॅचेट पद्धतीच्या, म्हणजे दांडी एकाच दिशेने सरकू देणाऱ्या टेन्शनरची दांडी दातेरी असते आणि ती किती दाते बाहेर आली होती, हे चेनच्या झिजेचे फुकटात मिळालेले मोजमाप असते. दांडी थोडीच बाहेर असेल आणि बोटाने दाबल्यावर मागे सरकत असेल, तर रॅचेट झिजले आहे आणि टेन्शनर बदलणे पुरेसे आहे. ती शेवटच्या दात्यांवर पोचली असेल तर टेन्शनर निर्दोष आहे; त्याची पोच संपली आहे. अशा वेळी चेन, दोन्ही स्प्रॉकेट (दातेरी चाके) आणि चेन जिच्यावरून सरकते त्या गाईडच्या पट्ट्या एकत्रच बदलाव्यात. त्यासाठी ‘फुल इंजिन’ काढावे लागते ही भीतीही अतिशयोक्त आहे : चेन मॅग्नेटच्या (क्रँकवरच्या वीज बनवणाऱ्या चाकाच्या) बाजूला असेल तर मॅग्नेट पुलरने काढून, वरचे स्प्रॉकेट सोडवून ती उतरवता येते, क्रँककेस (इंजिनाचा खालचा मुख्य डबा) फोडावी लागत नाही. पुढची पट्टी काढायला मात्र बऱ्याच इंजिनांत हेड उचलावे लागते.

आता ‘दहा मिनिटे’. बोल्ट काढायला दहा मिनिटे पुरतात, पण पिस्टन कुठे आहे हे न पाहता टेन्शनर काढला तर व्हॉल्व्हची स्प्रिंग कॅमला ढकलू शकते आणि सैल झालेली चेन स्प्रॉकेटवर दाता सोडू शकते. त्यानंतर मारलेली एक किक व्हॉल्व्ह वाकवायला पुरेशी ठरू शकते. त्यामुळे गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, मॅग्नेटच्या झाकणातल्या खिडकीत ‘टी’ची, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असल्याची खूण जुळवून, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असल्याची खात्री करूनच काम सुरू करावे आणि टेन्शनर बाहेर असताना गाडी ढकलू नये. बसवताना होणारी चूक याहून अधिक आढळते. दांडी बाहेर आलेल्या अवस्थेतच टेन्शनर लावून दोन बोल्टांनी तो जबरदस्तीने ओढला जातो. त्यात गाईडची पट्टी वाकते किंवा ॲल्युमिनियमचा कान तुटतो. रॅचेट प्रकारात दांडी पूर्ण आत दाबून, पॅकिंगसह बॉडी बसवून मगच स्प्रिंग आणि तिचा बोल्ट लावायचा असतो. गुंडाळी-स्प्रिंगच्या प्रकारात मागच्या स्क्रूने दांडी आत घेऊन धरायची आणि बसवल्यावर सोडायची असते. शेवटी इंजिन पान्याने सरळ दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते पाहावे. हे सगळे धरून तासभर लागतो, आणि पहिल्यांदा करणाऱ्याने दोन तास धरावेत.

वायसरबद्दल मी अनुभवाने बोलतो. माझ्या दीडशे सीसीच्या गाडीत एका गॅरेजमध्ये मला न सांगता स्प्रिंगमागे वायसर टाकला गेला आणि मी त्या शांततेवर खूशही होतो. स्प्रिंग जास्त दाबली गेल्याने दांडीचा रेटा वाढला आणि चेन पट्टीवर सतत घासत राहिली; दोन-तीन महिन्यांनी खडखडीच्या जागी बारीक शीळ आली. हाताने आवळायच्या टेन्शनरबाबतही हाच धोका आहे, कारण ‘आवाज जाईपर्यंत आवळा’ या सूचनेत थांबायचे कुठे ते सांगितलेले नसते.

जाड ऑइलचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. केवळ स्प्रिंगवर चालणाऱ्या टेन्शनरचा ताण ऑइलने वाढत नाही. जाड थरामुळे आवाज काही दिवस दबतो एवढेच, आणि थंडीतल्या सकाळी ते कॅमपर्यंत पोचायला जास्त वेळ घेते. स्प्लेंडरच्या धर्तीच्या रचनेत दांडीभोवतीचे तेल धक्के शोषते, त्यामुळे तिथे ऑइलला महत्त्व आहे. पण तेही कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच असावे.

राहिले ‘काही बिघडत नाही’. इंजिन १४०० फेऱ्यांवर शांत चालत असताना कॅम मिनिटाला ७०० वेळा फिरतो. व्हॉल्व्ह उघडताना स्प्रिंग कॅमला अडवते आणि मिटताना पुढे ढकलते. म्हणजे एकाच फेरीत चेन आळीपाळीने ताणली आणि सैल सोडली जाते. सिंहगड रस्त्यावरच्या सिग्नलला जो आवाज सर्वांत स्पष्ट ऐकू येतो तो याच हिसक्यांचा. अगदी सैल झालेली चेन तिच्या बोगद्याच्या भिंतीवर आपटू लागते. माझ्या गाडीचे झाकण अखेर उघडले तेव्हा त्या ॲल्युमिनियमच्या भिंतीत नखाला लागेल एवढी खाच पडलेली होती, आणि तिची चमकदार भुकटी ऑइलच्या जाळीत पट्टीच्या काळ्या तुकड्यांबरोबर साचली होती.