‘यूट्यूबवर सगळं आहे’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

माझ्या मागच्या लेखाखाली काल एक प्रतिक्रिया आली. नाव नाही, गाव नाही. लेखात मी एवढंच म्हटलं होतं की गॅरेजमध्ये नव्याने येणाऱ्या पोराचा हात आधी एखाद्या जुन्या फियाटवर, म्हणजे प्रीमियर पद्मिनीवर बसू द्या, मग त्याला स्कॅनर, म्हणजे गाडीतला बिघाड कोडने दाखवणारं यंत्र द्या. त्यावर हे गृहस्थ लिहितात:

“काका, हा सगळा हौसेचा मामला आहे. पोरांना फुकट राबवायची सोय. जगात कुणी असलं शिकवत बसत नाही, यूट्यूबवर सगळं आहे. जुन्या ब्रेकच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असतो, तो पोरांच्या छातीत घालणार का? आणि उद्या सगळ्या गाड्या इलेक्ट्रिकच येणार.”

‘काका’ म्हणून सुरुवात करायची आणि पुढच्याच दमात मला पोरांच्या घामावर जगणारा ठरवायचं, ही कुठली रीत? मतभेद असू द्या, त्याचं मला काही वाटत नाही. पण ज्या माणसाला तुम्ही कधी पाहिलं नाही त्याच्या नियतीवर बोलताना जरा तरी मागेपुढे बघा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथच्या आवाजात लहानाचा मोठा झालोय मी. असली भाषा तिथल्या कुठल्या मिस्त्रीनेही माझ्याशी कधी केली नाही.

ॲस्बेस्टॉसचं मात्र तुमचं बरोबर आहे. ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये तो असायचा, आणि ब्रेकचा ड्रम उघडून हवा मारायची सवय वाईटच. ओल्या फडक्याने पुसावं, तोंडाला धड मास्क लावावा. मान्य.

आता ते ‘यूट्यूबवर सगळं आहे’. पद्मिनी मिसिंग मारतेय, म्हणजे इंजिन मधेच ठोका चुकवतंय, म्हणून पोरगं व्हिडिओ बघतं. डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डब्याचं झाकण काढा, आतल्या पॉइंटच्या उघडझाप करणाऱ्या दोन तोंडांमध्ये फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती घाला, इतकी गॅप ठेवा. पोरगं ठेवतं. गाडी मिसिंग मारतेच. कारण चालून चालून पॉइंटच्या एका तोंडावर बारीक टेंगूळ आलेलं असतं आणि समोरच्या तोंडाला खड्डा पडलेला असतो. गेजची पाती टेंगळावर टेकते, खड्डा तिला लागतच नाही. पाती म्हणते गॅप बरोबर, आणि खरी गॅप असते जास्त. आधी तोंडं घासून सपाट करायची, नाहीतर पॉइंटच बदलायचा, मग मोजायचं. आणि टेंगूळ फार लवकर आलं असेल तर पॉइंटला जोडलेल्या कंडेन्सरवर संशय घ्यायचा, नाहीतर नवा पॉइंटही त्याच वाटेने जातो. माझ्या उस्तादांनी मला त्या टेंगळावरून नख फिरवायला लावलं होतं. ते नखाला जे लागलं ते कुठल्या व्हिडिओत दिसतं, सांगा.

हेडचं, म्हणजे इंजिनच्या ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागाचंही तेच. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. इंजिन गरम असताना हेड सोडलं तर ते वाकतं, मग ते घासून सपाट करून घ्यायला मशीन शॉपच्या पायऱ्या चढा. हेडचे नट-बोल्ट कसताना मधून कडेला, टप्प्याटप्प्याने कसायचं. टॉर्क रेंच, म्हणजे कसण्याचा जोर मोजणारा पाना, आकडा दाखवतो, पण आटा सरकायला लागला की ते आधी मनगटाला कळतं. आणि हे मनगट घडायला शेजारी कुणीतरी उभं राहून “थांब!” म्हणणारं लागतं.

जगात कुणी शिकवत नाही म्हणता? अमेरिकेत कॅन्ससमधल्या मॅकफर्सन कॉलेजात जुन्या मोटारी पूर्ववत करण्याचं शिक्षण १९७६ पासून चालू आहे, आणि आज त्यात चक्क पदवी मिळते. इंग्लंडात बिस्टरला जुन्या गाड्यांच्या कामासाठी उमेदवारीचे वर्ग चालतात. बोलण्याआधी एवढं तरी बघायचं होतं, यूट्यूबवर तेही असेल.

आणि स्कॅनरला माझा विरोध आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला? माझ्याकडे दोन आहेत. स्कॅनर पी ०३०० कोड दाखवतो, म्हणजे इंजिन मिसफायर करतंय. ते स्पार्कमुळे, पेट्रोलमुळे की कॉम्प्रेशन गेल्यामुळे, हे माणसालाच शोधावं लागतं. ज्या पोराने प्लग काढून रंग बघितलाय, काजळी धरलेला म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी, ते पोरगं तिथून पुढे जातं. बाकीचे कॉइल बदलतात, मग प्लग बदलतात, मग इंजेक्टर, आणि बिल गिऱ्हाइकाच्या माथी.

फुकट राबवण्याबद्दल म्हणाल तर मीही सुरुवातीला चहा आणला, पाने पुसले, रॉकेलमध्ये पार्ट धुतले, हातात दोन वेळच्या जेवणाशिवाय काही पडत नव्हतं. त्यातूनच उभा राहिलो. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

इलेक्ट्रिकचंही तसंच. येऊ देत की. पण २०२१ पासून केंद्राच्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून बाहेर पडलेल्या सुरुवातीच्या फियाट केव्हाच त्या वयाच्या पुढे गेल्या. मुंबईतून काळी-पिवळी पद्मिनी २०२३ मध्ये गेली, पण घराघरांत जपलेल्या गाड्या आहेतच, आणि त्यांचे मालक चांगले पैसे द्यायला तयार असून मिस्त्री सापडत नाही म्हणून माझ्याकडे सांगली-बेळगावहून येतात. उस्ताद मंडळी सत्तरीला आलीत. आत्ता पोरं त्यांच्या शेजारी उभी राहिली नाहीत तर ही कामं करायची कुणी?

पुढच्या लेखात सोलेक्स कार्बोरेटरचं, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचं फ्लोट आणि जेट घेणार आहे. त्यावर जरूर लिहा, चूक दाखवा, पण नाव टाकून. बिननावाच्या प्रतिक्रिया यापुढे मी ठेवणार नाही.