"नॉर्मल आहे" हे अर्धंच उत्तर

"आठ दिवसांच्या मुलाच्या छातीतून दूध येतंय." पालक हे दबकत विचारतात आणि "नॉर्मल आहे" एवढं ऐकून घरी जातात. माझ्या मते हे उत्तर अर्धं आहे. असं का होतं, किती दिवस चालेल आणि काय दिसलं तर धावत यायचं, हे सांगितलंच पाहिजे.

आईची संप्रेरकं वारेतून बाळापर्यंत पोचलेली असतात, म्हणून मुलगा असो वा मुलगी, स्तन फुगतात, क्वचित दुधाचे थेंबही येतात. काही आठवड्यांत हे ओसरतं. फक्त पिळू नका! पिळल्याने ग्रंथी चाळवत राहते आणि जंतुसंसर्ग होऊ शकतो. लाली, पू, ताप किंवा एकाच बाजूला वाढणारी सूज दिसली तर त्याच दिवशी दाखवा. पहिल्या आठवड्यात मुलीच्या लंगोटात रक्ताचा डाग दिसतो, तोही याच संप्रेरकांमुळे. दोन-चार दिवसांत थांबतो.

विटकरी डाग मात्र वेगळा. ते लघवीतले युरेट नावाच्या क्षाराचे कण असतात. पहिले दोन-तीन दिवस ठीक, पण पाचव्या दिवशीही दिसले तर दूध कमी पडतंय असं समजून वजन आणि अंगावर पाजण्याची पद्धत तपासून घ्या. पाचव्या दिवसापासून २४ तासांत निदान ६ वेळा लघवी व्हायला हवी.

सगळ्यात कमी विचारला जाणारा आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न शीच्या रंगाचा. पिवळी, हिरवी, तपकिरी, सगळी चालते. खडूसारखी पांढरी किंवा राखाडी शी चालत नाही, बाळ कितीही हसरं, गुटगुटीत असो. यकृतातलं पित्त आतड्यात नेणाऱ्या पित्तनलिका बंद असल्याची ती खूण असू शकते. तसं असेल तर शस्त्रक्रिया जन्मापासून ६० दिवसांच्या आत झालेली बरी. उशीर झाला की यकृत निबर होत जातं. कावीळ १४ दिवसांनंतरही टिकली तर "डायरेक्ट बिलिरुबिन (पित्त अडलं की रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य) तपासायचं का?" असं स्वतःहून विचारा. कोवळ्या उन्हावर विसंबून थांबू नका. शंका आली तर लंगोटाचा फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय काढा. पिवळ्या दिव्यात रंग फसवतो.

झोपेत श्वास ५-१० सेकंद थांबून पुन्हा सुरू होणं लहान बाळांत चालतं. २० सेकंद थांबला किंवा ओठ-जीभ निळी पडली तर फोन करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. नुसते हात-पाय निळसर असतील तर आधी ऊब द्या.

आणि गाजर-भोपळा खाणाऱ्या बाळाचे तळवे पिवळे दिसले तर डोळ्यांचा पांढरा भाग बघा. तो पांढराच असेल तर ती कावीळ नाही.