जीआर आला रे बापा!

शाळांसाठी पुन्हा नवा जीआर, सरकारचा हुकूम! २०२३ला बालभारतीच्या पुस्तकांत कोरी पानं घुसवली, २०२५ला काढली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी आणली, जून सरायच्या आत गुंडाळली. उन्हापायी आमच्या विदर्भात शाळा उशिरा उघडते. पोट्ट्यांनी दप्तर झटकेस्तोवर धोरण येऊन गेलंसुद्धा!

अन् जबाबदारी? ती मास्तरची. दोन गुरुजी, चार वर्ग. यू-डायसवर शाळेची माहिती भरा, पोट्ट्यांचे अपार ओळख क्रमांक काढा, निपुण या वाचन-गणित अभियानाचे फोटो टाका. एक जण टाकीवर चढून रेंज शोधतो, दुसरा खिचडीचा तांदूळ ॲपवर चढवतो. मग शिकवते कोण, पंख्याचं पातं?

काल पोरीला सातचा पाढा विचारला. म्हणे, “बाबा, पाढ्यांचा फोटो काढला ना गुरुजीनं!”