ट्रान्सपोर्ट लाइनमध्ये हयात घालवू इच्छिणाऱ्यांस

ट्रान्सपोर्ट लाइनमध्येच जन्म काढायचा, असं तुम्ही ठरवलंय म्हणे. छान. कुणीतरी माल पोचवलाच पाहिजे, आणि ते कुणीतरी आपण नसावं अशी बाकी सगळ्यांची मनापासून इच्छा असते.

आधी एक गैरसमज डोक्यातून काढा. हा गाडी चालवायचा धंदा नाही. चालवायला काय, येतंच. हा उभं राहण्याचा धंदा आहे. गोदामाच्या गेटवर पोचलात की वॉचमन तुमच्याकडे न बघता रजिस्टर पुढे सरकवेल. त्यात पोचल्याची वेळ लिहायचा आगाऊपणा करू नका. तो सांगेल, "आत घेतल्यावर लिही." त्याचं चूक नाही, हाल्टिंगचा, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याच्या पैशांचा, हिशोब त्याच रकान्यावरून होतो. तुम्ही रात्री दोनला आलात आणि गाडी दुपारी चारला आत घेतली, तर तुम्ही दुपारी चारला आलात. मधले चौदा तास तुम्ही या पृथ्वीवर कुठेच नव्हता. भाडं किलोमीटरवर ठरलेलं असतं आणि उभ्या गाडीचा किलोमीटर पडत नाही, त्यामुळे हिशोबही स्वच्छ राहतो. मात्र अर्धा तास उशिरा पोचून बघा, त्याच गेटवरचं घड्याळ एकदम सेकंदाबरहुकूम चालायला लागतं.

वाट बघत असताना डोकं चालवू नका. मॅल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकन ट्रकवाल्याने चालवलं होतं. बंदरात एकेक नग हाताने उतरवत बसण्यापेक्षा अख्खी पेटीच उचलून जहाजावर का ठेवू नये, असं त्याच्या मनात आलं. 26 एप्रिल 1956 रोजी त्याच्या 'आयडियल एक्स' जहाजावरून 58 पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनला निघाल्या आणि जगाचा व्यापार बदलला. जिथे जहाजाचे दिवसच्या दिवस जायचे, तिथे काम तासांवर आलं. ट्रकवाल्याची रांग तेवढी जागेवर राहिली. पूर्वी तो नगांसाठी थांबायचा, आता पेटीसाठी थांबतो.

झोपेची काळजी कायद्यावर सोडा. युरोपात साडेचार तास गाडी हाकली की 45 मिनिटं विश्रांती सक्तीची आहे, आणि ती घेतली की नाही हे टॅकोग्राफ नावाचं गाडीतलं यंत्र नोंदवतं. अमेरिकेत 11 तासांच्या वर स्टिअरिंग धरता येत नाही. भारतात तर 1961चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला 8 तासच सांगायचा, आणि 2025मध्ये त्याच्या जागी आलेली कामगार संहिताही तेच सांगते. म्हणजे झोपायचं किती ते ठरलेलं आहे. कुठे झोपायचं, हे मात्र कलमात बसलेलं दिसत नाही. आणि "सकाळी सातला माल खाली पाहिजे" असा फोन करणाऱ्याने यातलं एकही कलम वाचलेलं नसतं.

आता थोडं बचतीविषयी. उतार लागला की गाडी न्यूट्रल करा, डिझेल वाचतं. हे ज्ञान उस्तादाकडून क्लीनरकडे पिढ्यानपिढ्या आलेलं आहे, त्यावर शंका घेऊ नये. आताच्या इंजिनात गिअर ठेवून पाय वर घेतला की डिझेलच तोडलं जातं आणि न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला ते लागतंच, असं कंपनीचा मेकॅनिक सांगेल. त्याने कुठे घाट उतरलाय? न्यूट्रल केल्यावर गाडीला मागे धरणारी इंजिनाची ओढ जाते, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापून फुगतात, ब्रेकचे लायनर जळल्याचा वास केबिनमध्ये येतो. तो वास आला की समजा बचत सुरू झाली. थोड्या वेळाने पेडल दाबून काही होईनासं झालं, की बचत पुरी झाली.

पासिंगच्या, म्हणजे आरटीओने गाडीला मंजूर केलेल्या वजनाच्या, वर माल भरायलाही लाजू नका. अमेरिकेत 1958 ते 1960 या काळात मुद्दाम चाचणीचे रस्ते बांधून त्यांवर भरलेले ट्रक फिरवले. त्यातून कळलं ते असं, की रस्त्याचं नुकसान अ‍ॅक्सलवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. वजन दुप्पट, नुकसान सोळापट. भाडं फार तर दुप्पट, तेही भाडं मिळवून देणाऱ्या ब्रोकरचं कमिशन कापून. उरलेल्याचा खड्डा होतो, खड्ड्यात गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटतो, आणि पाटा कुणाचा, तर ज्याची गाडी त्याचा.

घरच्यांचं काय, म्हणाल. त्यांच्याकडे फोन आहे.

पुढे कधीतरी स्वतःची गाडी घ्यालच. घ्याच. दुसऱ्याची गाडी उभी राहिली की फक्त कंटाळा येतो. आपली उभी राहिली की हप्ता आठवतो, टायर आठवतात, इन्शुरन्सची तारीख आठवते. परतीचं भाडं मिळेपर्यंत ब्रोकरच्या दारात बसण्याचं सुख तर पगारी ड्रायव्हरला कळणारच नाही. "गाड्या जास्त झाल्यात मार्केटमध्ये," तो म्हणेल. ती जास्तीची गाडी कुठली, ते त्याच्या बोलण्याच्या सुरावरून ओळखावं.

शेवटी पैसे. ते पोचपावती दिल्यावर मिळतात, म्हणून कागद जिवापाड जपा. घाम लागू देऊ नका, घडी घालू नका. तो घेऊन अकाउंट्सच्या टेबलापाशी गेलात की तिथला माणूस पावती उजेडात धरून बघेल आणि सांगेल, सही आहे, तारीख आहे, पण शिक्का पुसट आलाय, दुसरा मारून आणा. गोदामाचा पत्ता तुमच्याकडे आहेच.