खुलासा: उकळलं म्हणजे विष गेलं, असं नाही

‘शिळं अन्न खळखळून उकळलं की विषबाधा होत नाही,’ हा फिरणारा संदेश अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा धोक्याचा.

उकळल्याने स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू मरतो. पण त्याने आधीच अन्नात सोडलेलं एन्टेरोटॉक्सिन हे विषारी प्रथिन उकळूनही टिकू शकतं. त्यामुळे नमुन्यात जिवंत जिवाणू सापडला नाही, तरी अन्न निर्दोष ठरत नाही. अशा वेळी ट्रिप्सिन या एन्झाइमने प्रथिनांचे तुकडे करून मास स्पेक्ट्रोमीटरवर त्यांचं वस्तुमान मोजतात. त्यावरून नेमकं कोणतं विष, ते ओळखता येतं.

बोटुलिनम हे दुसऱ्या एका जिवाणूचं विष मात्र उकळल्याने निकामी होतं. गोंधळ बहुधा तिथूनच आला असावा. खीर, बासुंदी दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. रात्रभर बाहेर राहिली असेल तर उकळत बसू नका, टाकून द्या.