जेलला दोष देण्याआधी

लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्ये एक सल्ला हातोहात पसरतो आहे: शर्यतीत पोट बिघडतं ते साखरेमुळे. म्हणून जेल (पळताना खायचा, पाकिटातला घट्ट साखरेचा गोळा), स्पोर्ट्स ड्रिंक सगळं बंद करा आणि शरीराला चरबीवर पळायला शिकवा. तासाला 60 ग्रॅमच्या वर कार्ब, म्हणजे साखर-पिष्टमय पदार्थ, शोषलेच जात नाहीत म्हणे, आणि ज्याचं पोट नाजूक, त्याचं ते तसंच राहणार. यात थोडं खरं आहे, म्हणूनच ते लोकांना पटतं. पण त्या भरवशावर कोणी उपाशीपोटी 42 किलोमीटर पळायला निघालं, की मला काळजी वाटते.

आधी साखरेवरचा आरोप. जोरात पळताना रक्त पायांच्या स्नायूंकडे आणि घाम गाळणाऱ्या त्वचेकडे वळतं, आतड्यांच्या वाट्याला फार कमी उरतं. ऊन असेल, अंगातलं पाणी घटलं असेल, तर आणखी कमी. त्यात पळण्याचे हादरे. त्यामुळे काहीच न खाता पळणाऱ्यालाही मळमळतं. साखर गुन्हेगार ठरते ती फार घट्ट किंवा एकदम पोटात गेली तर. मग जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, आतड्यात पाणी ओढलं जातं, आणि कळा, जुलाब सुरू होतात. मी स्वतः एकदा तिसाव्या किलोमीटरला जेल घेऊन त्यावर पाण्याऐवजी स्पोर्ट्स ड्रिंक प्यायलो होतो. पुढचे दहा किलोमीटर पोट धरून चाललो आणि दोष जेलला दिला. चूक जेलची नव्हती, दोन्ही एकत्र घेण्याची होती.

60 ग्रॅमचा आकडा खरा आहे, पण तो ग्लुकोज या एका प्रकारच्या साखरेचा. आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज ज्या वाहकातून आत जातं, तो साधारण तेवढ्यावर भरून जातो. फ्रुक्टोज या फळांतल्या साखरेची वाट वेगळी आहे. दोन्ही मिसळून, साधारण दोनास एक या प्रमाणात घेतली, तर तासाला 90 ग्रॅमपर्यंत शरीर वापरू शकतं. अर्थात अडीच तासांहून लांब शर्यतीसाठीच एवढं लागतं. तासाभराच्या पळण्याला बहुतेकांना काहीच लागत नाही, हेही सांगायलाच हवं.

आता चरबी. सडपातळ माणसाच्या अंगातही चरबीचा साठा काही दिवस पुरेल इतका असतो, तर स्नायूंतलं आणि यकृतातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेले कार्ब, मिळून जेमतेम चारपाचशे ग्रॅम. कागदावर चरबीच जिंकते. पण तेवढीच ऊर्जा काढायला चरबीला जास्त प्राणवायू लागतो, आणि वेग वाढला की अडतो तो प्राणवायूच. लुईस बर्क आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अव्वल दर्जाच्या रेस वॉकर्सना (वेगाने चालण्याच्या शर्यतीतल्या खेळाडूंना) काही आठवडे अतिकमी कार्बच्या आहारावर ठेवलं होतं. त्यांचं शरीर चरबी भरपूर जाळू लागलं, पण त्याच वेगाला प्राणवायू जास्त लागू लागला. कार्ब खाणाऱ्यांची शर्यतीतली वेळ सुधारली, यांची नाही. निवांत गतीने दिवसभर चालणाऱ्याचं गणित वेगळं असेल. पण हा सल्ला वेळ गाठण्यासाठी पळणाऱ्यांनाही दिला जातो, आणि माझी हरकत तिथे आहे.

राहिलं नाजूक पोट. हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो माणसाला प्रयत्नच करू देत नाही. पायांसारखीच आतड्यांनाही सवय लागते. पळताना रोज कार्ब घेण्याचा सराव दोन आठवडे केला, तरी त्रास कमी होतो असं प्रयोगांत दिसलं आहे. शर्यतीत जे घ्यायचं तेच, त्याच वेगाला, सरावात घ्या. तासाला 30 ग्रॅमपासून सुरू करा, जेलबरोबर साधं पाणी प्या, आदल्या दिवशी तंतुमय पदार्थ कमी खा.

आणि पळण्याआधी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेण्याची सवय असेल तर ती सोडा. त्या गोळीने आतड्याच्या अस्तराला इजा होते, आणि तिच्याकडे मात्र कोणी बोट दाखवत नाही. जेल बंद करूनही त्रास थांबला नाही, किंवा शौचात रक्त दिसलं, तर डॉक्टरांकडे जा.