शपथभंग म्हणजे शक्तिहरण नव्हे

यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यांत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रे घेऊन एकत्र कथा रचण्याचा खेळ खेळणाऱ्यांमध्ये सध्या पॅलाडिनविषयी, म्हणजे शपथेने बांधलेल्या, दैवी शक्ती असलेल्या योद्ध्याच्या पात्राविषयी, एक दावा फिरत आहे: “पॅलाडिनने शपथ मोडली की त्याच्या सर्व शक्ती तत्काळ आणि कायमच्या जातात, नियम पहिल्यापासून हाच आहे, आणि शिक्षा कडक नसेल तर शपथेला कोणी भीक घालणार नाही. शेवटचा शब्द डंजन मास्टरचाच.” (डंजन मास्टर म्हणजे कथा चालवणारा आणि नियमांचा निवाडा करणारा.) हा दावा खेळाचे नुकसान करणारा आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे आवश्यक वाटते.

‘पहिल्यापासून’ हे म्हणणेच टिकत नाही. 1978 च्या नियमपुस्तकात पॅलाडिनपद कायमचे जात असे ते जाणूनबुजून आणि स्वेच्छेने दुष्कृत्य केल्यास. केवळ बेशिस्तीचे कृत्य घडल्यास वरच्या पातळीच्या धर्मगुरूपुढे कबुली देऊन प्रायश्चित्त घेण्याची सोय होती. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत गेलेल्या शक्ती प्रायश्चित्ताने परत मिळत, तर 2008 च्या चौथ्या आवृत्तीत त्या जातच नसत. 2014 च्या पाचव्या आवृत्तीने तर स्पष्टच म्हटले आहे की अत्यंत सदाचारी पॅलाडिनच्या हातूनही चूक होते, आणि उपवास, रात्रभराची प्रार्थना, कबुली व क्षमा यांनंतर त्याला नव्याने सुरुवात करता येते.

कडक शिक्षेशिवाय शपथेला किंमत नाही, हा मुद्दा वरवर पटण्याजोगा असल्यामुळे अधिक घातक आहे. 2014 च्या नियमांनुसार ‘ओथ ऑफ डिव्होशन’ (निष्ठेची शपथ) घेतलेल्या पॅलाडिनला खोटे बोलण्यास मनाई आहे आणि दुर्बलांचे रक्षण करणेही बंधनकारक आहे. समजा, राजाचे शिपाई गावात येऊन धान्याची पेवे कोठे आहेत असे त्याला विचारतात, आणि खरे सांगितले तर गाव उपाशी मरेल. अशा वेळी तो काहीही बोलला, किंवा गप्प राहिला, तरी शपथेचा एखादा भाग दुखावणारच. हाच तर पॅलाडिन खेळण्यातला खरा कस आहे! त्या क्षणी शक्ती काढून घेणारा डंजन मास्टर शपथेची किंमत वाढवत नाही. पुढच्या वेळी शिपाई दिसताच खेळाडू बोलणेच टाळील, एवढेच तो साधतो. याउलट, तेच शिपाई फसवणूक कळल्यावर परत आले, किंवा त्याच्याच पंथातील ज्येष्ठाने त्याला जाब विचारला, तर शपथभंगाची झळ कथेतच बसते आणि खेळाडूला तिला सामोरे जावे लागते.

डंजन मास्टरच्या अधिकाराविषयी थोडक्यात सांगता येईल. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत वर्ग (म्हणजे पॅलाडिन हा पात्रप्रकार) सोडायला लावण्याचा किंवा ‘ओथब्रेकर’ (शपथ मोडून दुष्ट मार्गाला लागलेला पॅलाडिन) होऊ देण्याचा निर्णय त्याच्याकडे आहे खरा, परंतु तो मुद्दाम शपथ मोडून पश्चात्तापाची खूणही न दाखवणाऱ्या पात्रापुरता. शिवाय शहरात नाराज खेळाडू दुसरा गट शोधतो. आपल्याकडे पंचक्रोशीत मुळात गट एकच असतो, आणि त्यातला एक जण उठून गेला की खेळच बंद पडतो. म्हणून पाचव्या आवृत्तीत तिसऱ्या पातळीवर, म्हणजे पात्राच्या प्रगतीच्या तिसऱ्या टप्प्यावर, शपथ घेतली जाते तेव्हाच तिची कलमे मराठीत लिहून काढावीत, दोन कलमे एकमेकांच्या आड आली तर कोणते वरचढ हे खेळाडूलाच ठरवू द्यावे, आणि प्रायश्चित्त काय असेल तेही त्याच बैठकीत सर्वांनी मिळून ठरवावे.